सहाव्या फेरीनंतरचा सत्कार

सकाळपासून रमा टिपणीसांना आलेला तिसरा फोनही केस कुरळे करण्याबद्दलच होता. "मॅडम, तुमच्याकडे कर्लिंग होतं ना? घरात लग्न आहे हो. हळदीपासून वरातीपर्यंत टिकेल असं करून द्याल का?" एरवी रमाबाई असल्या बायकांना पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या दोन चांगल्या पार्लरचे नंबर देत, वर "माझं नाव सांगा" असंही म्हणत. आज त्यांनी "राँग नंबर" म्हणून फोन ठेवला आणि मग दहा मिनिटं उगाच हळहळत बसल्या. आज त्यांचं कशातच लक्ष नव्हतं. राष्ट्रीय कर्लिंग मंडळाच्या त्या संस्थापक सचिव होत्या, आणि हे मंडळ राहणार की जाणार ते आज ठरणार होतं.

मंडळ म्हटलं की लोकांना वाटतं मोठी इमारत असेल, दारात शिपाई असेल. या मंडळाचं कार्यालय म्हणजे रमाबाईंच्या फ्लॅटची काचा लावून बंद केलेली गॅलरी. एका कोपऱ्यात तुळस, दुसऱ्या कोपऱ्यात ब्रशांचा भारा. बाई शीतगृहांच्या इंजिनियर. तरुणपणी कंपनीने त्यांना कॅनडात विनिपेगला धाडलं होतं, तिथे शेजाऱ्यांनी ओढून क्लबात नेलं आणि हा खेळ त्यांच्या अंगात भिनला. गुळगुळीत बर्फावरून ग्रॅनाईटचा जड स्टोन सरकवायचा, तो पलीकडच्या रंगीत वर्तुळात नेऊन ठेवायचा, आणि तो नीट जावा म्हणून दोघींनी त्याच्यापुढे ब्रशने बर्फ घासत पळायचं. परत आल्यावर त्यांनी हे सगळं मोठ्या उत्साहाने सोसायटीत सांगितलं. "एवढी शिकलेली बाई, परदेशात जाऊन झाडू मारायला शिकली," असा निकाल देऊन सोसायटी मोकळी झाली.

पण रमाबाई चिवट. कृष्णकांत नावाच्या जुन्या सहकाऱ्याला त्यांनी गळ घातली आणि दोघांनी मिळून मंडळ काढलं. सुरुवातीला बॅडमिंटनच्या हॉलमध्ये चाकं लावलेले खोटे स्टोन ढकलले. मग एका स्कॉटिश क्लबाने जुने खरे स्टोन दिले, ते बंदरात अडकले. "दगड? आणि तेही बाहेरून मागवलेले? आपल्याकडे दगडांना काय तोटा आहे?" असं तिथल्या एका साहेबांनी अगदी मनापासून विचारलं होतं. तेही सुटले. हळूहळू हिमाचल, लडाख, कर्नाटक, दिल्ली अशा राज्यांच्या संघटना मंडळाला जोडल्या गेल्या, नियमांचं मराठी-हिंदी भाषांतर झालं, पंच तयार झाले, दरवर्षी राष्ट्रीय स्पर्धा होऊ लागली. फक्त एक गोष्ट नव्हती, ती म्हणजे बर्फ. हिमाचलात होता तो थंडीपुरता, आणि महाराष्ट्रात तर पाणीसुद्धा टँकरने.

तो बर्फ दिला धर्मराज मोकलांनी. मोकलांची एके काळी मिठागरं होती, भातशेती होती. आता रोडपालीच्या पुढे ओळीने गोदामं आणि एक शीतगृह होतं. सगळा तालुका त्यांना धर्माशेठ म्हणे. आवाज असा की साधं "बसा" म्हणाले तरी माणूस दचकून बसायचा. कृष्णकांत भीत भीत त्यांच्याकडे गेले तेव्हा शेठनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "एक हॉल पायजे ना? ते मटार हलवा रं तिकडं. खेलू दे पोरींना!" एका शब्दावर हॉल मिळाला. रमाबाईंनी स्वतः उभं राहून पाइप टाकून घेतले आणि भर उन्हाळ्यात पनवेलात कर्लिंगचा बर्फ तयार झाला. शेठ अध्यक्ष झाले आणि त्यांची धाकटी सून मनस्वी खेळू लागली.

तेव्हापासून रमाबाईंची झोप उडाली. शेठ रागावले तर? हॉल परत मागितला तर? तसं ते कधीच बोलले नव्हते, सुचवलंही नव्हतं. पण बाईंनी ही भीती स्वतःच पेरली, तिला खतपाणी घातलं आणि चार वर्षं जिवापाड जपली. शेठ बैठकीला उशिरा आले की बैठक उशिरा सुरू व्हायची. शेठना मंडळाच्या कागदावरचा निळा रंग आवडला नाही की रंग बदलायचा.

आणि आता ही तपासणी. जागतिक संघटनेने मंडळाला पूर्ण मान्यता द्यायची की नाही हे ठरवायला एक निरीक्षक पाठवली होती. मान्यता मिळाली तर येत्या हिवाळ्यात भारताचा महिला संघ आशियाई स्पर्धेला जाणार. नाही मिळाली तर दुसऱ्या एका राज्यात उभी राहिलेली प्रतिस्पर्धी संस्था पुढे सरकणार आणि रमाबाईंनी आपली गॅलरी पुन्हा कपडे वाळत घालायला वापरावी. त्या संस्थेने तक्रारच केली होती की, पनवेलचं मंडळ म्हणजे मोकल मंडळींचं घरगुती हळदीकुंकू आहे. ही तक्रार निरीक्षकबाईंनी वाचली होती, हे रमाबाईंना ठाऊक होतं. 

निरीक्षक हान बाई कोरियाच्या. बुटक्या, शांत, हसऱ्या. त्या हसत होत्या याचीच रमाबाईंना जास्त धास्ती वाटत होती. हॉलमध्ये येताच त्यांनी बर्फाचं तापमान पाहिलं, गुडघ्यावर बसून बर्फावरून हात फिरवला आणि "सुंदर" म्हणाल्या. मग विचारलं, "अध्यक्षांच्या घरातलं कोणी आज खेळतंय का?"

"त्यांची सून. महाराष्ट्राची कर्णधार आहे," रमाबाई म्हणाल्या. लपवण्यात अर्थ नव्हता.

"आणि मुख्य पंच?"

"मीच."

हान बाई पुन्हा हसल्या आणि त्यांनी टॅबवर काहीतरी लिहिलं. रमाबाईंनी वाकून बघण्याचा मोह कसाबसा आवरला.

महिलांचा अंतिम सामना महाराष्ट्र विरुद्ध हिमाचल. जिंकेल तोच भारताचा संघ, असं मंडळाने आधीच ठरवलेलं. मनस्वी तशी हळू बोलणारी मुलगी. शेठच्या घरी रमाबाई दोनदा जेवायला गेल्या होत्या. तिथे ही पोर वाढताना दिसायची, तिचा आवाज काही कानावर पडत नसे. पण बर्फावर तिचं रूपच बदलायचं. वर्तुळात उभी राहून "घासा! घासा! अजून! सोडा!" असं ती इतकी ओरडायची की बाहेरचे हमाल आत डोकावायचे. आज तर ती सुरेख खेळत होती. आठ फेऱ्यांच्या सामन्यात सहा फेऱ्या झाल्या तेव्हा महाराष्ट्र तीन गुणांनी पुढे होता. हिमाचलची कर्णधार दिपिका नेगी ओठ चावत उभी होती. रमाबाईंनी पहिल्यांदा पाठ खुर्चीला टेकली.

तेवढ्यात हॉलचं मोठं दार उघडलं, मे महिन्यातल्या गरम हवेचा झोत आत आला आणि झोताबरोबर धर्माशेठ आले. मागे दोन माणसं, त्यांच्या हातात शाली, नारळ आणि गुच्छ.

शेठना बक्षीस समारंभासाठी पाचला बोलावलं होतं. रमाबाईंनी तीन वेळा आठवण केली होती. पण शेठ मुळात आले म्हणजे वेळ झाली, असा त्यांचा स्वतःचा हिशेब होता. "मॅडम!" ते लांबूनच गरजले. "शिरढोनला भाच्याची हलद हाय. पाचला जमनार नाय मना. सत्कार आताच उरकून टाकू, मंग चालू दे तुमचा खेल निवांत!"

खेळ सुरू असताना पंचांच्या परवानगीशिवाय बर्फापाशी कोणीही येऊ नये. हा नियम मंडळाच्या पुस्तिकेत होता आणि त्याचं मराठी वाक्य रमाबाईंनी स्वतः तीनदा सुधारून लिहिलं होतं. त्यांच्या गळ्यात शिट्टी होती. त्या खुर्चीतून उठल्यासुद्धा. 'शेठ, थोडं थांबा' एवढेच तीन शब्द म्हणायचे होते. पण शेठ आनंदात होते, नव्या कुर्त्यात होते, आणि चारचौघांत त्यांना थांबवायचं म्हणजे... रमाबाईंची शिट्टी तोंडापर्यंत गेली आणि तिथून खाली आली. दोन मिनिटांचं तर काम आहे, असं त्या मनाशी म्हणाल्या. कृष्णकांत त्यांच्याकडे बघत होते. त्या दुसरीकडे बघू लागल्या.

शेठनी बर्फाच्या कडेला उभं राहून दोन्ही कर्णधारांना बोलावलं. दोघींच्या खांद्यावर शाली टाकल्या, हातात नारळ दिले. दिपिका गोंधळून हसली. फोटोवाला पुढे झाला. "अशा सुक्या उभ्या का राहता?" शेठ म्हणाले. "हात मिलवा की! पेपरात देयाचा हाय फोटो. मनस्वी, दे बाय हात. आपली पाहुनी हाय ती."

मनस्वीने एकदा रमाबाईंकडे पाहिलं. मग सासऱ्यांकडे. मग नारळ काखेत धरून तिने हातमोजा काढला आणि दिपिकापुढे हात केला. समोर हात आला म्हणून दिपिकाने तो घेतला. फोटो निघाला.

क्रिकेटमध्ये याने काही बिघडलं नसतं. कबड्डीत तर कौतुक झालं असतं. पण कर्लिंगमध्ये सामना मध्येच सोडायचा असला तर ओरडून सांगत नाहीत, पांढरं निशाण दाखवत नाहीत. हातमोजा काढून समोरच्या कर्णधारापुढे हात करतात. त्याचा अर्थ एकच: आम्ही हरलो, तुम्ही जिंकलात. सहा फेऱ्या झाल्यावर हे करता येतं. आणि सहा फेऱ्या नुकत्याच झाल्या होत्या.

हॉलमध्ये जेवढी खेळणारी माणसं होती ती सगळी जागच्या जागी थिजली. मनस्वीचा चेहरा पांढराफटक पडला. आपण काय केलं ते तिला हात सोडताना कळलं. दिपिका रमाबाईंकडे वळली. "मॅडम, ये क्या हुआ? ये लोग तो जीत रहे थे!"

शेठ मात्र खुशीत फोटो बघत होते.

हान बाई उठून रमाबाईंपाशी आल्या. आवाज खालीच होता. "मुख्य पंच म्हणून तुमचा निर्णय काय? महाराष्ट्राने सामना सोडला?"

रमाबाई मनातल्या मनात हिशेब करू लागल्या. नाही म्हणावं, तर अध्यक्षाच्या सुनेसाठी नियम वाकवला असं होणार. तक्रारीतला प्रत्येक शब्द खरा ठरणार, तोही निरीक्षकाच्या डोळ्यांदेखत. हो म्हणावं, तर चार वर्षं राबलेली पोर एका फोटोपायी बाहेर. आणि शेठ? शेठना कळेल तेव्हा काय? बाईंच्या डोक्यात हॉलमध्ये परत मटाराच्या गोणी रचल्या जात होत्या. पण हान बाई समोर होत्या, शेठ दहा पावलं लांब होते. जवळची भीती मोठी ठरली.

"हो," रमाबाई म्हणाल्या. "हात दिला म्हणजे सामना सोडला. हिमाचल विजयी."

हान बाईंनी मान हलवली आणि लिहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर थोडंसं समाधान दिसलं असं रमाबाईंना वाटलं. मान्यता मिळणार, असं त्यांना त्या क्षणी आतून जाणवलं. त्यांना आनंद व्हायला हवा होता. तसं काही झालं नाही. तोंड कडू पडलं होतं.

मनस्वी वाद घालायला आली नाही. तिने शाल काढून नीट घडी केली, नारळ त्यावर ठेवला आणि ती बाकावर बसून बुटाची नाडी सोडू लागली. तिच्या संघातल्या दोघी रडत होत्या. रमाबाई तिच्याजवळ गेल्या. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. "मनस्वी, नियम आहे गं," एवढंच तोंडातून निघालं.

"नियम मला माहीत आहे, मॅडम. हात मीच दिला." नाडीची गाठ बसली होती, ती नखाने उकलत होती. "बाबांनी सांगितल्यावर माझं डोकंच चालत नाही. तुमच्याकडे बघितलं मी. वाटलं, तुम्ही शिट्टी वाजवाल. का नाही वाजवली?"

रमाबाईंना खोटं बोलता आलं असतं. लक्ष नव्हतं, वेळ मिळाला नाही, काहीही. "घाबरले," त्या म्हणाल्या.

मनस्वीने पहिल्यांदा वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, आश्चर्य होतं. "तुम्हीपण? मला वाटायचं, त्यांना फक्त आमच्या घरातच घाबरतात. इथे सगळे नियमाने चालतात, इथे कोणाला घाबरायचं नसतं, म्हणून तर मी येते ना इथे."

एवढं बोलून ती पुन्हा नाडीकडे वळली. रमाबाई तिथेच उभ्या राहिल्या. त्यांना लाज वाटली, अगदी कान तापले इतकी. शेठना घाबरून आपण गप्प बसलो, आणि हान बाईंना घाबरून निकाल दिला. मग पंच म्हणून आपण आज केलं काय? नियमाचं नाव घेतलं एवढंच. पंचाने खेळ थांबू दिला, तेव्हा मधल्या वेळात झालेलं काहीच खेळातलं नव्हतं. तो हात कर्णधाराचा नव्हता, तो सुनेचा हात होता.

त्या वळल्या आणि तरातरा बर्फाच्या कडेला गेल्या. जाता जाताच त्यांनी शिट्टी फुंकली. ती गरजेपेक्षा फारच मोठ्याने वाजली. फोटोवाल्याच्या हातून कॅमेऱ्याचं झाकण पडलं.

"निर्णय मागे घेते," त्या इंग्रजीत म्हणाल्या, मग हिंदीत, मग मराठीत.  "चूक माझी आहे. खेळ चालू असताना अध्यक्ष बर्फापाशी आले. मी त्यांना थांबवायला हवं होतं. मी पाहिलं आणि गप्प बसले. त्या वेळात दिलेला हात ग्राह्य धरला जाणार नाही. महाराष्ट्र तीन गुणांनी पुढे. सातवी फेरी खेळायची आहे."

दिपिकाने लगेच शाल काढून बाकावर टाकली. "ठीक है, मॅडम," ती म्हणाली, आणि ब्रश उचलून बर्फाकडे गेली. मनस्वीही नाडी पुन्हा बांधून तिच्यामागोमाग गेली.

हान बाई जवळ आल्या. हसू मावळलं होतं. "हे मला जसंच्या तसं लिहावं लागेल. पंचांनी अध्यक्षांना घाबरून खेळ थांबू दिला आणि नंतर निकाल फिरवला. कुणाच्या बाजूने, तेही. याचा अर्थ तुम्हाला कळतोय?"

"कळतोय," रमाबाई म्हणाल्या. त्यांना रडू येत होतं. "लिहा."

आता मात्र धर्माशेठना काहीतरी बिनसल्याचा वास आला. त्यांनी कृष्णकांतना दंडाला धरून विचारलं. कृष्णकांतनी चाचरत का होईना, सगळं सांगितलं: हात, हातमोजा, सामना, सून. शेठचं तोंड उघडंच राहिलं. मग ते सावकाश रमाबाईंपुढे येऊन उभे राहिले. 

"मना काय ठावं या खेलातला?" शेठ म्हणाले. आवाज मोठाच होता, पण त्यात राग नव्हता. दुखावल्यासारखा वाटत होता. "मी चुकलू असन. पन मंग तवाच का नाय सांगितलात? 'शेठ, मागं व्हा' बोलायचा ना! चार वरसं झाली, एकदा तरी बोललात का तुमी मना नाय म्हनून? मी काय खाताव काय तुमाला? वाघ हाय का मी?"

 कृष्णकांत बर्फाकडे बघू लागले. शाली आणणारी दोन माणसं जमिनीकडे बघू लागली. शेठनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि शेवटी त्यांची नजर बर्फावर उभ्या असलेल्या सुनेवर गेली.

"हाव, बाबा," मनस्वी म्हणाली.

ती हळू बोलली होती, पण हॉल इतका शांत होता की सगळ्यांना ऐकू गेलं. शेठ तिच्याकडे बघत राहिले. काहीतरी बोलायला त्यांनी हात वर केला, तो तसाच खाली आला. मग खुर्ची न बघता ते बाकाच्या कडेवर बसले.

"काय विचारलं त्यांनी?" हान बाईंनी रमाबाईंना विचारलं.

"मी वाघ आहे का, असं विचारलं."

"आणि ती काय म्हणाली?"

"हो म्हणाली."

हान बाईंनी मनस्वीकडे पाहिलं, मग बाकावरच्या शेठकडे, आणि टॅब उघडून त्या बराच वेळ लिहीत राहिल्या. काय लिहिलं ते रमाबाईंना दिसलं नाही, आणि विचारायची हिंमतही झाली नाही. त्यांनी डोळे पुसले आणि सातव्या फेरीची शिट्टी वाजवली.